तिसऱ्या फेरीची हाक

माझी थोरली बहीण आर्वेला पिंक्स्टन सोमवार-मंगळवार गोऱ्यांचे कपडे धुवायची, बुधवार-गुरुवार इस्त्री करायची, शुक्रवारी ते घरोघर पोचते करायची आणि शनिवारी मँडोलिन वाजवायची. रविवारी चर्चमध्ये तिला वाजवायला बंदी होती. तंतुवाद्य म्हणजे सैतानाचं काम, असं आमच्या पाद्रीबुवांचं म्हणणं. ती मागच्या बाकावर बसून सगळं प्रवचन संपेपर्यंत त्यांच्याकडे डोळे वटारून बघत राहायची. बिचारे दोनदा ओळ विसरले होते.

पॉपलर फोर्ड हे आमचं गाव टेनेसीत. तिथे कपडे धुणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण एका हाताने धुणारी एकटी आर्वेला. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या जोड्या, आणि त्या दाबायच्या डाव्या हाताच्या बोटांनी. सोड्याच्या साबणाच्या उकळत्या पाण्यात बोटं मऊ पडली की तार कातडीत घुसते, रक्त येतं. म्हणून ही बया डावा हात कमरेवर ठेवायची आणि उजव्या हाताने अख्ख्या चादरी पिळायची. शेजारणी टोमणे मारायच्या, "आर्वेला, तुझ्या डाव्या हाताला बसायला खुर्ची आणू का गं?" ही म्हणायची, "आण. आणि पंखा घेऊन वारा पण घाल." शुक्रवारी संध्याकाळी ती बोटांची टोकं निबर व्हावीत म्हणून त्यांना टर्पेंटाइन चोळायची. त्याचा वास मक्याच्या भाकरीलासुद्धा लागायचा. मी कुरकुर केली की म्हणायची, मग तू भाज.

मँडोलिन तिला गावच्या गोऱ्या डॉक्टरांच्या घरातून मिळालं. डॉक्टरांच्या मुलींनी हौसेने घेतलं, दोन वर्षं टुणटुण केलं, मग पियानो आला आणि हे माळ्यावर गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जाळायला ने." आर्वेलाने नेलं, जाळलं मात्र नाही. त्याची पाठ फुगीर आणि पट्ट्यापट्ट्यांची होती. असल्या मँडोलिनला आमच्याकडे बटाट्याचा किडा म्हणतात, कारण बटाट्याच्या पिकावर पडणारा किडा अगदी तसाच दिसतो. पुढे डॉक्टरांच्याच अंगणातल्या पार्टीत आम्ही वाजवायला गेलो तेव्हा थोरल्या मुलीने विचारलं, "आंटी, असं कुठे शिकलीस?" आर्वेला म्हणाली, "तुमच्या माळ्यावर."

मी शेजारी गिटार घेऊन उभा होतो. मी खाली मान घालून तारा जुळवायला लागलो. मी असाच. नाव लूशस, धंदा लाकडाच्या वखारीत हमाली, स्वभाव भित्रा. हे मी आज म्हातारपणी सरळ सांगतो. तेव्हा मी त्याला शहाणपणा म्हणायचो.

आमच्या बँडमध्ये तिसरा होता ओबेडमामा, आमच्या आईचा भाऊ. तो फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. सत्याहत्तर वर्षांचा, कानाने अर्धा बहिरा, तोंडाने अजिबात मुका नाही. गोरे त्याला 'अंकल' म्हणायचे, आर्वेलाला 'आंटी' म्हणायचे, आमच्या आईलाही मरेपर्यंत 'आंटी'च म्हणत आले. त्या 'आंटी'त आपुलकी बिपुलकी काही नव्हती. नाव विचारण्याचा त्रास वाचायचा, एवढंच. आमच्या आईचं नाव टेंपी. तिने त्या गावात चाळीस वर्षं इस्त्री केली आणि ती गेली तेव्हा तिचं नाव माहीत असलेला एकही गोरा माणूस गावात नव्हता. कबरीवर लावलेली फळी दोन पावसाळ्यांत कुजली.

पण ती इस्त्री करताना एक चाल गुणगुणायची. तिच्या तोंडची ती चाल मामाने फिडलवर बसवली, आर्वेलाने मँडोलिनवर. तीन मात्रांची, संथ, वॉल्ट्झ नाचायला लावणारी. आम्ही तिला 'टेंपीची वॉल्ट्झ' म्हणायचो. गोऱ्यांच्या नाचात ती वाजवली की ते म्हणायचे, अंकल, ती गोड चाल पुन्हा वाजव. आमच्या लोकांत वाजवली की वेगळंच व्हायचं, कारण आमच्यात तिसऱ्या फेरीला हाक मारायची पद्धत. चाल दोनदा सगळ्यांनी मिळून वाजवायची. तिसऱ्यांदा एकजण पुढे येतो आणि बाकीचे त्याचं नाव घेऊन हाक मारतात, वाजव रे अमक्या, तमकीच्या लेका! त्याने वाजवता वाजवता ओ द्यायची आणि पुढच्याचं नाव घ्यायचं. मामा म्हणायचा, हाक नसेल तर ती नुसती किरकिर. गोऱ्यांच्या अंगणात मात्र आम्ही गप्प वाजवायचो. तिथे आमची नावं कोणाला हवी होती?

एकोणतीस सालच्या ऑगस्टमध्ये पेपरात बातमी आली की एक रेकॉर्ड कंपनी यंत्रं घेऊन मेम्फिसला येतेय, ज्याला वाजवता येतं त्याने यावं. आर्वेलाने ती मला तीनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "लूशस, रेकॉर्डवर मधोमध कागद असतो ना चिकटवलेला? त्याच्यावर चालीचं नाव छापतात?"

"छापतात."

"मग आईचं नाव छापून आणायचं."

"आणि नाही छापलं तर?"

"तर मी आहे आणि ते आहेत."

शहरातल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर कंपनीने खोली घेतली होती. आम्हाला सामानाच्या लिफ्टमधून वर नेलं, बटाट्याच्या पोत्यांबरोबर. मामाने टोपी काढून पोत्यांना नमस्कार केला. खोलीत खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या, आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. कंपनीचा माणूस मिस्टर व्हिटलो बाह्या सरसावून बसला होता. पडद्यामागे यंत्रापाशी एक पोरसवदा गोरा होता, तो मेणाच्या जाड तबकडीवर आवाज कोरणार.

व्हिटलो म्हणाला, "हं, आंटी, ब्लूज वाजवा." ब्लूज म्हणजे आमच्या लोकांची उदासीची गाणी; नुसत्या उदासीलाही आमच्यात ब्लूजच म्हणतात.

आर्वेला म्हणाली, "ब्लूज मी ब्लूज झाल्यावर वाजवते, साहेब. आज मला झालेले नाहीत. आज वॉल्ट्झ वाजवणार."

"वॉल्ट्झ डोंगरातले गोरे वाजवतात. तुमच्या लोकांच्या रेकॉर्डची यादी वेगळी असते, त्यात ब्लूज असतात. तुमचे लोक वॉल्ट्झ विकत घेत नाहीत."

"विकायला ठेवली होती का कधी?"

मामा खो खो हसला. त्याला ऐकू काय आलं कोण जाणे, पण आर्वेलाचा चेहरा बघून तो नेहमी बरोबर जागी हसायचा. व्हिटलो काही वाईट माणूस नव्हता, नुसता घाईत होता. म्हणाला, बरं, ऐकवा. आम्ही ऐकवली. दुसऱ्या फेरीला त्याने पेन्सिल खाली ठेवली. संपल्यावर म्हणाला, "छान आहे. फारच छान आहे. मी घेतो. पण ही गोऱ्यांच्या यादीत जाईल. बँडचं नाव हिलटॉप बॉइज. चालीचं नाव 'डोंगरातली संध्याकाळ'. फोटो नाही, काही नाही. आणि वाजवताना कोणी तोंड उघडायचं नाही, म्हणजे ओळखू येणार नाही."

आर्वेला उठली. नखी खिशात टाकली, मँडोलिन शालीत गुंडाळलं. "लूशस, चल. मामा, चल."

मी उठलो. मामा उठला नाही. तो म्हणाला, "आर्वे, बस की."

"मामा, ते आईचं नाव पुसतायत."

"ऐकलं मी. तेवढं बरोबर ऐकू येतं मला." मामाने फिडल मांडीवर आडवं धरलं. "साठ वर्षं वाजवतोय गं मी. वाजवलं की हवेत जातं. तुला पुढे कधी बोलावतील, लूशसला बोलावतील. मला कोण बोलावणार? एकदा मेणात राहू दे मला. त्यांच्या नावाने राहीना का."

आर्वेलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. तिने शाल सोडली आणि बसली. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची आजही लाज वाटते. मी मनात म्हणत होतो, सुटलो, तमाशा टळला.

पडद्यामागच्या पोराने येऊन माझ्या पायाखाली उशी ठेवली, कारण मी ठेका धरताना पाय आपटतो आणि तो धपधप मेणात उतरतो. मामाला त्याने तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मामाने मान डोलावली. मग यंत्र सुरू झाल्याच्या खुणेचा दिवा लागला.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. मी सांगतो, आयुष्यात आम्ही इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला आर्वेला वरच्या पट्टीत गेली, नखी अशी थरथरत ठेवून की सूर तुटूच नये. आणि मामाचे डोळे मिटले होते. दिवा, उशी, व्हिटलो, सगळं विसरला होता तो. साठ वर्षांची सवय. त्याने मान वर केली आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "वाजव गं आर्वेला! माझ्या टेंपीच्या लेकी!"

माझा ठेका तेवढा चुकला नाही. व्हिटलो उठून हात हलवायला लागला. आर्वेलाने एकदा त्याच्याकडे बघितलं. एवढ्याशा वेळात तिने ठरवलं. एकही सूर न सोडता तिने ओ दिली, "ओ, मामा! ही टेंपी पिंक्स्टनची चाल आहे, पॉपलर फोर्डची! आणि फिडलवर माझा ओबेडमामा! वाजव रे मामा!"

मामाने वाजवलं. रीत म्हणजे आता त्याने ओ देऊन मला हाक मारायची. त्याने मारली, "वाजव रे लूशस!" ओ द्यायची पाळी माझी. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्या रेकॉर्डवर तिथे नुसती गिटार आहे. लोकांना वाटतं, वा, काय जागा सोडली आहे! जागा बिगा काही नाही, ती माझी भीती आहे.

दिवा विझला. व्हिटलो लाल झाला होता. "पुन्हा! आणि तोंडं बंद!"

"एकदा वाजवली," आर्वेला म्हणाली. "आमच्यात ही अशीच वाजते. हवी तर ठेवा, नको तर मेण खरवडून टाका. गप्प बसून वाजवणार नाही. बसले होते मामासाठी, आता त्यानेच हाक मारली. माझा विषय संपला."

मी मनात म्हटलं, संपलो आता. आता पोलीस. पण व्हिटलो खुर्चीत बसला, घाम पुसला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तो पडद्यामागच्या पोराला म्हणाला, "अरे, राहू दे हे. लोकांना वाटेल गोरी पोरं काळ्यांची नक्कल करतायत. असल्या नकला तर धडाधड खपतात."

त्याने आम्हाला शिवी दिली असती तर परवडलं असतं. सामानाच्या लिफ्टनेच आम्ही खाली उतरलो. घरी चुलीपुढे बसल्यावर आर्वेला म्हणाली, "लूशस, माझ्याच तोंडचं माझं नाव, आणि ते म्हणणार नक्कल. खोटं नाव दिलं ते मी मामासाठी गिळलं असतं. हे कसं गिळू?" मी म्हटलं, "गावात कोणाला कळतंय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लाकडं आणायला बाहेर गेलो.

नोव्हेंबरात ओबेडमामा गेला. न्यूमोनियाने, चार दिवसांत. रेकॉर्ड त्याला ऐकायला मिळाली नाही. फिडल आम्ही त्याच्याबरोबर पुरलं, कारण त्याने तसं बजावलं होतं आणि वर म्हणाला होता, "लूशसच्या हाती देऊ नका."

नाताळच्या आधीचा शनिवार. आमच्याकडे रेकॉर्डी फर्निचरच्या दुकानात विकायला असत आणि दुकानाचा मालक मिस्टर कॅगल शनिवारी दुपारी ग्रामोफोनचा भोंगा दारात आणून लावायचा. दुकानाच्या पायऱ्यांवर गोरे, रस्त्याच्या पलीकडे पेंडीच्या दुकानासमोर आम्ही. आर्वेला कॅगलच्याच शर्टांची टोपली घेऊन निघाली होती, या खेपेला शुक्रवारी पाऊस होता म्हणून राहिलेली. मी बरोबर होतो. कॅगलने तबकडी लावली आणि ओरडून सांगितलं, "नवी आहे! हिलटॉप बॉइज!"

पहिल्या दोन ओळींतच आर्वेलाने माझं मनगट धरलं. आमच्या बाजूची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ती चाल न नाचलेलं आमच्यात कोणीच नव्हतं. दुसरी फेरी झाली. मला माहीत होतं आता काय येणार, तरी ते आलं तेव्हा मी डोक्यावरची टोपी काढली. महिन्यापूर्वी आम्ही मातीत ठेवलेल्या माणसाने भर बाजारात, भर दुपारी हाक मारली. वाजव गं आर्वेला! माझ्या टेंपीच्या लेकी!

पायऱ्यांवर हशा पिकला. कॅगल मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय नक्कल करतात लेकाचे! हुबेहूब म्हातारा काळा!" त्याने सुई उचलली आणि पुन्हा मागे ठेवली. पुन्हा मामाची हाक. पुन्हा हशा, आणि त्या हशात आर्वेलाची ओ आणि गावाचं नाव दोन्ही बुडून गेली.

आर्वेला रस्ता ओलांडून गेली. मी तिच्या बाहीला धरलं, ती तशीच फरफटत मला घेऊन गेली. पायऱ्यांपाशी तिने टोपली खाली ठेवली.

"मिस्टर कॅगल, ही नक्कल नाही. तो माझा मामा आहे. ओबेड. आणि ज्या आर्वेलाला तो हाक मारतोय ती मी आहे."

कॅगलला आधी समजलंच नाही. वीस वर्षं तो हिने खळ घातलेल्या कॉलरी गळ्याभोवती लावत होता. "कोण आर्वेला? आंटी, तू शर्ट मागच्या दाराने दे आणि जा बघू."

"आर्वेला पिंक्स्टन. टेंपी पिंक्स्टनची मुलगी. तिने तुमच्या लग्नाच्या शर्टाला इस्त्री केली होती. ही चाल तिची आहे."

हसणं थांबलं. पायऱ्यांवरचे दोघेजण खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला पुढचं सगळं दिसत होतं, आणि आमच्या गावात असल्या गोष्टींचा पुढे काय शेवट होतो ते सगळ्यांना माहीत होतं. कॅगल हळू आवाजात म्हणाला, "आंटी, तुला बरं नाही. घरी जा." तो तिला वाट काढून देत होता की धमकी देत होता, मला अजून कळलेलं नाही.

भोंग्यातून चाल चालूच होती. मामाने माझ्या नावाची हाक मारली आणि पुढे ती रिकामी जागा आली, नुसत्या गिटारची. मी त्या जागेत तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, मी ठरवलं नव्हतं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "ओ, मामा! वाजव गं आर्वेला पिंक्स्टन!"

मग रस्त्यापलीकडून पेंडवाल्या जेथ्रोची बायको ओरडली, "आर्वेला पिंक्स्टन!" मग जेथ्रो. मग आमचे पाद्रीबुवा, ज्यांना तंतुवाद्य चालत नव्हतं ते. मग सगळेच. पन्नास-साठ माणसं रस्त्याच्या त्या बाजूला उभी राहून एका धोबिणीचं पूर्ण नाव घेत होती, आणि ती कमरेवर हात ठेवून प्रत्येक हाकेला ओ देत होती. खाली उतरलेले दोघे तिथेच थांबले. कॅगलने भोंगा आत ओढला आणि दार लावून घेतलं.

त्या रात्री काही झालं नाही, कोणी दोर घेऊन आमच्या दारात आलं नाही. वखारीतून मला सोमवारी काढून टाकलं. कॅगलकडचे कपडे बंद झाले, आणखी चार घरांचे बंद झाले. आर्वेला म्हणाली, बरं झालं, डाव्या हाताला विश्रांती. त्या हाताने काम कधी केलं होतं, देव जाणे!

फेब्रुवारीत एके सकाळी कॅगलची बायको आमच्या कुंपणापाशी आली. हातात गाठोडं. दुसऱ्या कोणाला त्या कॉलरी जमत नव्हत्या. आर्वेला अंगणात पाच पावलांवर कढईत नीळ कालवत होती.

"आंटी!" बाई म्हणाल्या.

आर्वेला नीळ कालवत राहिली.

"आंटी, अगं आंटी!"

मी पायरीवर बसून गिटारच्या तारा बदलत होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हिला ऐकू येत नाही का रे?"

"येतं की, बाईसाहेब. मेम्फिसपर्यंतचं येतं."

बाई लाल झाल्या. गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. मागे वळल्या, चार पावलं गेल्या, परत आल्या. मला वाटलं आता शिव्या घालतील. मग त्यांनी कुंपणाला हात लावला आणि दात-ओठ खात, एकेक अक्षर उपटून काढल्यासारखी हाक मारली.

"आर्वेला पिंक्स्टन!"

"ओ!" आर्वेलाने हात पुसले. "किती शर्ट आहेत?"